गोंदणाची परवानगी

ईमेल आला तेव्हा मी एका आजोबांना हनुवटी जरा खाली घ्यायला सांगत होते. पेन्शनच्या कागदांसाठी पासपोर्ट फोटो हवा होता. मोबाइल वाजला आणि आजोबांची हनुवटी पुन्हा वर गेली. त्यांचा फोटो काढला, प्रिंट कापून पाकिटात घालून दिली आणि मगच मेल उघडला.

‘आपला फोटो स्वीकारता येत नाही. चित्रात दिसणाऱ्या गोंदणासाठी रिलीज जोडलेली नाही.’

फोटो होता शेवंता मावशीच्या हाताचा. संत्री निवडणारा हात. त्या हाताच्या मालकिणीची परवानगीची सही मी आधीच घेतली होती. मग हे गोंदणाचं वेगळं काय?

आमचा स्टुडिओ सौंसरला आहे. नवरा, प्रमोद, लग्नाचे व्हिडिओ करतो, ड्रोन उडवतो. फोटो आणि एडिटिंग माझ्याकडे. लग्नसराई संपली की आमच्याकडे सुट्टीच असते, कारण घरोघरी मोबाइल झाल्यापासून वाढदिवसाला फोटोग्राफर कोणी बोलवत नाही. म्हणून मी काही वर्षांपासून स्टॉक फोटो विकते.

स्टॉक फोटो म्हणजे काय, हे मला सासरच्या सगळ्यांना समजावून सांगावं लागलं आहे. लग्नाचा अल्बम हा मापं घेऊन शिवलेला ब्लाउज. तो एकीलाच बसतो. स्टॉक फोटो म्हणजे दुकानात टांगलेले तयार कपडे. कोणाला बसतील ते आपल्याला माहीत नसतं. आपण फोटो काढायचा, एजन्सीच्या वेबसाइटवर टाकायचा. खाली कॅप्शन लिहायचं, म्हणजे फोटोत काय आहे ते एका ओळीत. मग कीवर्ड टाकायचे, म्हणजे गिऱ्हाईक शोधताना जे शब्द टाइप करेल ते. जगात कुठेतरी कोणाला पुस्तकासाठी, जाहिरातीसाठी, वेबसाइटसाठी तसला फोटो हवा असतो. तो घेतो, आपल्याला थोडे पैसे येतात. कोणी घेतला ते कळत नाही. फक्त देशाचं नाव दिसतं.

आणि काय विकलं जाईल याचा काही नेम नाही. संत्र्याच्या बागेवर मावळणारा सूर्य मी जीव तोडून काढला होता. तो एकानेही घेतला नाही. रिकाम्या प्लॅस्टिक क्रेटच्या थप्पीचा फोटो मात्र परदेशातली माणसं अजून घेत असतात. कशाला घेतात? मला फार वाटतं की त्यांना एकदा विचारावं.

शेवंता मावशी रामाकोन्याची. तिच्या मुलाच्या, दिनेशच्या, लग्नाचं काम आम्हीच केलं होतं. पुढे त्याच्या मेहुणीच्या लग्नाचा अल्बम द्यायला मी त्यांच्या बागेत गेले, तेव्हा ही झाडाखाली ढिगापुढे बसून संत्री निवडत होती. मोठा माल एकीकडे, बारीक एकीकडे. मी कॅमेरा काढला.

“तोंडाचा नको काढू वो,” ती म्हणाली. “दात नाई हायेत. हाताचा काढ.”

मी हाताचा काढला. मनगटाच्या आतल्या बाजूला, कोपराकडे जाणारं हिरवंनिळं गोंदण होतं. खाली त्रिकोणी कुंडी. तिच्यातून पंख्यासारख्या पसरलेल्या फांद्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला ठिपका. कुंडीच्या एका अंगाला दोन बारीक रेघा.

“तुळस हाय ते,” मावशी म्हणाली. “अन् हा तिच्यापुढचा दिवा. रोज सकाळी उठून पयल्यांदा इले हात जोडतो मी.”

स्वतःच्याच हातावरच्या तुळशीला हात जोडायचे म्हणजे हात वळवून, बोटं वर करून, कपाळाला लावायचा. तिने करून दाखवलं. मी कॅप्शनमध्ये इंग्रजीत लिहिलं: संत्री निवडणारी शेतकरी स्त्री, हातावर तुळशीचं पारंपरिक गोंदण.

फोटो टाकल्यावर दोनच दिवसांत एजन्सीच्या एका संपादक बाईंचा संदेश आला. कामकरी हातांच्या फोटोंचा एक संच तयार होतो आहे, त्यात हा फोटो हवा आहे, महिनाअखेरपर्यंत कागदपत्रं पूर्ण करा. असा संदेश मला पहिल्यांदाच आला होता. मी रामाकोन्याला फोन करून सांगितलं. मावशीने गावात सांगितलं. दिनेशने व्हॉट्सॲपवर टाकलं. आणि नंतर नकाराचा तो मेल आला.

मी एजन्सीच्या चॅटवर लिहिलं. पलीकडच्या माणसाने लगेच उत्तर दिलं.

“गोंदण कोणी काढलं आहे? आर्टिस्टचं नाव?”

“माहीत नाही. फार जुनं आहे. जत्रेत काढलेलं.”

“मग गोंदण कोणाचं आहे?”

“जिच्या हातावर आहे तिचं.”

“हात तिचा. चित्र ज्याने काढलं त्याचं. त्याची लेखी परवानगी लागेल.”

याला प्रॉपर्टी रिलीज म्हणतात. फोटोतल्या माणसाची परवानगी ती मॉडेल रिलीज. पण फोटोत दुसऱ्या कोणाची कलाकृती असेल, भिंतीवरचं पेंटिंग, मूर्ती, तर ती करणाऱ्याचीही परवानगी घ्यावी लागते. गोंदणही त्यातच येतं हे मला ठाऊक नव्हतं. परदेशात टॅटू काढणारा कलाकार दुकान टाकून बसतो, त्याचं नाव असतं, बिल असतं. आमच्याकडे ती बाई झाडाखाली बसायची आणि जत्रा उठली की जायची.

प्रमोदने स्क्रीनकडे पाहिलं. “त्यात काय एवढं? क्लोन मारून टाक ना.”

क्लोन म्हणजे फोटोशॉपमधलं एक साधन. बाजूची कातडी उचलून डागावर लावायची. नवरीच्या गालावरचे मुरूम आम्ही असेच काढतो. मी बसले आणि गोंदण पुसून टाकलं. काम साफ झालं. हात मात्र कोणाचाच वाटेना. रबरी हातमोज्यात संत्रं धरल्यासारखं दिसत होतं.

तरी मी तो फोटो मावशीला दाखवला. तिच्या हाताचा फोटो, तिला न दाखवता पाठवायचा नाही एवढं माझं ठरलेलं असतं.

तिने मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

“हा कोनाचा हात?”

“तुमचाच आहे, मावशी. गोंदण तेवढं काढलं. ते म्हणतात, ज्या बाईनं गोंदलं तिची परवानगी पाहिजे.”

“तिची कायची परवानगी? कातडी माही. रक्त माहं निंघालं. गोंदाची ज्वारी माह्या बापानं देल्ली. अन् हात तिचा?” ती चांगलीच तापली. “मेल्यावर संगं काई येत नाई वंदना, सोनं नाई, लुगडं नाई. हे एवढं गोंदन येते. अन् तू थे पुसून राहिली?”

मी तो पुसलेला फोटो तिच्यासमोर डिलीट केला. मग विचारलं, “कोण होती ती बाई? नाव आठवते?”

“नाव कोन पुसते? जत्रेत बसे. माह्या माहेराकडे. हातात सुया अन् वाटीत काजळ. लई बोले. गोंदता गोंदता गाने म्हने.”

“कुठली होती?”

“काय मालूम बाप्पा.”

खरं तर इथे सोडून देता आलं असतं. माझ्याकडे दुसरे फोटो होते. पण त्या चॅटवरच्या माणसाचा प्रश्न डोक्यात घर करून बसला होता. गोंदण कोणाचं? मी इतकी वर्षं म्हाताऱ्या बायांचे फोटो काढते आहे, त्यांच्या हातांवर, कपाळावर गोंदणं पाहते आहे, आणि ती कोणी काढली हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी मूळ फोटो मोठा करून पाहिला. कॅमेऱ्याचा फोटो असल्यामुळे भरपूर मोठा होतो. एक गोष्ट दिसली. फांद्यांच्या टोकांचे ठिपके फांदीला चिकटलेले नव्हते. प्रत्येक रेघ संपल्यावर बारीकशी मोकळी जागा, आणि मग ठिपका. सगळीकडे तसंच. म्हणजे ती चूक नव्हती, सवय होती.

तेव्हापासून पासपोर्ट फोटोला येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला मी म्हणू लागले, “आजी, जरा हात दाखवता का?”

बाया हसायच्या. “भविष्य सांगतं का वं?”

बहुतेक हातांवर ठिपके रेघेला चिकटलेले होते. काहींवर ठिपकेच नव्हते. मग एक दिवस बँकेच्या कामासाठी फोटो काढायला एक आजी आल्या. पांढुर्ण्याकडचं माहेर, सौंसरला सासर. त्यांच्या हातावर विंचू होता. विंचवाच्या नांगीपाशी रेघ संपत होती, मोकळी जागा होती आणि मग ठिपका होता.

“हे कोणी काढलं, आजी?”

“हे? कमलाबाईनं. पांढुर्ण्याची कमला. आता कोन गोंदते वं? म्हातारी झाली असन थे. पन हाय म्हनतात. टेसनाच्या तिकडच्या वस्तीत लेकीजवळ राहते.”

मी पुढच्याच दिवशी पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले. बॅगेत कॅमेरा, मावशीच्या हाताची मोठी प्रिंट आणि रिलीजचा फॉर्म. फॉर्मचा मराठी तर्जुमा मी स्वतः करून घेतला होता.

घर सापडायला फार त्रास झाला नाही. कमलाबाई गोंदणारी म्हटल्यावर पानठेल्यावाल्याने बोट दाखवलं. दारात तिची मुलगी सुमन उभी होती. बांगड्यांची पेटी आवरत होती, बाजाराला निघायच्या तयारीत. माझ्या हातातला कागद पाहून तिचा चेहरा बदलला.

“कोन्या योजनेचा हाय?”

“योजनेचा नाही. फोटोचा आहे.”

“आधी बी आल्ते कागदवाले. कलाकाराले पेन्शन देऊन राहिलो म्हने. अंगठा घेतला, गेले. आता अंगठा नाई मिळत.”

मी म्हटलं, “अंगठा नंतर. आधी फक्त फोटो दाखवू द्या.”

आतून आवाज आला, “कोन हाय वं? येऊ दे ना.”

कमलाबाई खाटेवर बसली होती. बारीक, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. डावा हात सारखा थरथरत होता, तो तिने मांडीखाली दाबून धरला होता. मी प्रिंट तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावला. फोटो उभा होता, तो तिने आडवा केला. अंगठा रेघांवरून फिरवला. ठिपक्यांवर थांबली.

“हा माहा हात हाय,” ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. हात तर शेवंता मावशीचा. मग कळलं. चित्रकाराचा हात म्हणतात, सुगरणीचा हात म्हणतात, तसा.

“तुम्हीच काढली ही तुळस?” मी विचारलं.

“तुळस?” तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तुळस कुठची? मोर हाय हा.”

मी फोटो उभा धरला. तुळस होती. तिने तो माझ्या हातातून घेऊन पुन्हा आडवा केला.

“अशी पाह्य. मी गोंदाले अशी बाजूनं बसो. हा पिसारा. हे आंग. हे दोन पाय.”

कुंडी म्हणजे मोराचं अंग. दिवा म्हणजे त्याचे पाय. आता मला मोराशिवाय दुसरं काही दिसेना.

“पण याला मान कुठे आहे?”

“मान राहिली ना! पोट्टी पळाली.” कमलाबाईला हसू आलं. “मी पिसाऱ्यापासून सुरू करो. पयले बारीक काम, मंग मोठं. इकडे मान काढाले सुई उचलली अन् तिकडे राहाटपाळना सुरू झाला. पोट्टी हात सोडवून जे पळाली! मी बसली वाटी घेऊन. वापस आलीच नाई.”

“इतक्या वर्षांपूर्वीचं तुम्हाला आठवतं? शेकडो हात गोंदले असतील.”

“पुरे झालेले हात विसरून जातो मानूस. पळालेल्या पोट्ट्या ध्यानात राहतात. दुसऱ्या वर्षी त्या जत्रेत पुसलं मी, ते मोरवाली पोट्टी कुठी हाय? म्हने, लगन झालं तिचं.”

सुमनने बांगड्यांची पेटी खाली ठेवली होती. तीही खाटेपाशी येऊन बसली. मी फॉर्म वाचून दाखवला. फोटो कोणीही, कुठल्याही देशात विकत घेऊ शकतो. छापू शकतो. गोंदण तुमचं आहे आणि ते दिसायला तुमची हरकत नाही, एवढंच तुम्ही लिहून देता. काही मिळालं तर तुमचा आणि शेवंता मावशीचा त्यात वाटा.

कमलाबाईने शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

“नाई देत.”

“का?”

“पुऱ्या जगाले दाखवून राहिल्या अन् बिनमुंडक्याचा मोर? मंग लोक काय म्हनतीन, या बाईले मोर काढता येत नाई? अन् वरून तुळस लिहून राहिल्या. तिले आना इथी. हात पाहातो. मंग सांगतो.”

आता खरी अडचण पुढे होती. ही बातमी रामाकोन्याला सांगायची होती.

मी शक्य तितक्या हळू सांगितली. शेवंता मावशीने ऐकलं आणि ती हातातलं संत्रं तसंच धरून बसून राहिली.

“मोर?”

“ती तसं म्हणते.”

“अन् मान नाई?”

“नाही.”

“म्हनजे इतके वर्सं मी बिनमुंडक्याच्या मोराले हात जोडून राहिली?”

बाजूला बसलेली सून फिस्सकन हसली आणि लगेच आत निघून गेली. मावशीचे डोळे मात्र भरून आले होते. मला एकदम वाईट वाटलं. मी एका फोटोसाठी इतकी धावपळ केली, पण जे समोर आलं ते या बाईच्या रोजच्या सकाळमधून काहीतरी काढून घेणारं होतं. माझा फॉर्म गेला खड्ड्यात, असं मनात आलं.

“मावशी, राहू द्या,” मी म्हटलं. “ती चुकत असेल. मी एजन्सीला नाही म्हणून कळवते.”

“चुकत कायले असन? तिनंच काढलं ना.” तिने पदराने डोळे पुसले. “पन पळाली म्हनते थे खोटं हाय. मी कायले पळीन?”

“राहाटपाळणा सुरू झाला म्हणून.”

हातातलं संत्रं मावशीने कुठल्याच ढिगात न टाकता मांडीवर ठेवलं.

“हे बी सांगतलं तिनं?” ती म्हणाली. मग उठत, “चाल. पाहू कोन हाय थे.”

दिनेशने विरोध केला. आईला शुगर आहे, तिथे कोणी सुई लावली तर जखम भरणार नाही. मी त्याला शब्द दिला की सुई लागू देणार नाही. मग आम्ही निघालो. रामाकोन्याहून सौंसर, तिथून दुसरी बस. मावशीने नवं लुगडं नेसलं होतं आणि बरोबर पिशवीभर संत्री घेतली होती. बसमध्ये तिने हात पदराखाली झाकून ठेवला होता. एकदाच बाहेर काढला, आडवा धरून पाहिला, पुन्हा झाकला.

दोघी समोरासमोर आल्या तेव्हा नमस्कार वगैरे काही झाला नाही. कमलाबाईने हात पुढे केला. मावशीने आपला हात त्यावर ठेवला, बांगड्या भरायला ठेवतात तसा. कमलाबाईने तो आडवा फिरवला आणि स्वतः खाटेवर सरकून बाजूला बसली. त्यावेळी जत्रेत बसली असेल तशीच.

“झाला का पाळना खेळून?” ती म्हणाली.

मावशी आधी हसली नाही. मग हसली तर थांबेचना. दात नसलेलं तोंड पदराने झाकायचंही विसरली.

“लई दुखे वं,” ती म्हणाली. “तू म्हने, आता मान काढतो, थोडं जास्त दुखन. मंग मी पळाली. रात्री ताप आला. माह्या मायनं पाह्यलं अन् म्हने, हे काय काढलं, तुळस हाय का? मी म्हटलं हो. मार खावा लागला असता ना, अर्धं सोडून आली म्हनून.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“तवा माहीत असन. मंग लगन झालं, सासू बी तुळस म्हने, सारे तुळस म्हनत. मले बी तुळसच दिसे. मोर विसरूनच गेली मी.”

कमलाबाई हातावरच्या कातडीचा अंदाज घेत होती. “आता सुई नाई चालत माही. हात हालते. अन् तुही कातडी बी पातळ झाली. सुमन, पेन दे.”

सुमनने बॉलपेन दिलं. कमलाबाईने मांडीखालचा थरथरणारा हात बाहेर काढला नाही. उजव्या हाताने तिने पेन धरलं आणि मनगट मावशीच्या कोपरापाशी टेकवलं. कुंडीच्या, म्हणजे अंगाच्या, कोपराकडच्या टोकापासून एक वाकडी रेघ वर नेली. चोच. डोळा. डोक्यावर तीन तुरे, आणि प्रत्येक तुऱ्याच्या पुढे मोकळी जागा सोडून ठिपका. हे करताना ती काहीतरी गुणगुणत होती. मावशीने डोळे मिटून घेतले होते, दुखत असल्यासारखे.

मी फोटो काढत होते. खोली अंधारी होती. फ्लॅश मारावा असं वाटेना, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवलं. असं केलं की थोड्याशा हालचालीनेही फोटो पुसट येतो. ते मला माहीत होतं. तरी फ्लॅश मारला नाही.

“आता सही घे,” कमलाबाई म्हणाली. “पन लिहिजो, मोर हाय, अन् पोट्टी पळाली म्हनून मान राहिली. माहं नाव टाकजो.”

मावशीकडे पाहत मी विचारलं, “चालेल का, मावशी?”

“लिही,” ती म्हणाली. “खरं हाय त लिही. पन तुळस पुसू नको. तुळस बी लिही.”

कमलाबाईने अंगठा दिला. साक्षीदार म्हणून सुमनने सही केली. एजन्सीला अंगठा चालतो, सोबत साक्षीदाराची सही लागते, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. निघताना संत्र्यांची पिशवी तिथेच राहिली आणि मावशीच्या हातात हिरव्या बांगड्या आल्या.

फोटो स्वीकारला गेला. नवं कॅप्शन असं होतं: संत्री निवडणारी शेतकरी स्त्री. हातावर कमलाबाईंनी जत्रेत काढलेला अपुरा मोर, जो ती स्त्री तुळस म्हणून ओळखते. संपादक बाईंनी कळवलं की संचातलं इतकं लांब कॅप्शन दुसऱ्या कुठल्याच फोटोला नाही, पण राहू द्या. संचाच्या मुखपृष्ठावर मात्र दुसराच हात आला, कुठल्याशा बेकरीतला, पिठाने माखलेला. आमचा हात आतल्या रांगेत आहे. अधूनमधून विकला जातो. क्रेटच्या थप्पीला अजून त्याने गाठलेलं नाही.

पेनने मान काढतानाचा फोटो मी पाठवून पाहिला. तो परत आला. कारण लिहिलं होतं, फोकस नीट नाही. बरोबरच होतं, हात हललेले आहेत. तो फोटो मी मोठा करून दोन प्रती काढल्या. एक रामाकोन्याला, एक पांढुर्ण्याला.

हातावरची मान पाण्याने दोन-चार दिवसांत धुऊन गेली. नंतर मी बागेत गेले तेव्हा मावशीला विचारलं, “आता काय म्हणता, तुळस का मोर?”

“सकाळी तुळस,” ती म्हणाली. “मंग दिवसभर मोर.”

या सगळ्यातून मी कामापुरती एक गोष्ट शिकले. आता मी कॅप्शन घरी बसून लिहीत नाही. जिचा फोटो आहे तिला विचारते, हे काय आहे. जिने ते केलं ती सापडली तर तिलाही विचारते. उत्तरं दोन आली तर दोन्ही लिहिते. त्या रकान्यात तेवढी जागा असते.